उलटं पाकीट

यास्ना, तू खाणीवर गेलीस त्याला आज चौथा दिवस.
कालामात नवीन काही नाही.
आभाळ निळं, कंटाळा येईल इतकं निळं,
आणि हवा तहानलेली.
धुतलेलं दुपटं दोरीवर टाकून
चिमटा शोधायला वळावं
तोवर ते वाळून खडखडायला लागतं.
पाव, ओठ, दाराची चौकट,
दिसेल ते ती चाटून जाते.

मला वाटायचं, वाइप्सचं पाकीट म्हणजे काय,
उघडायचं, ओढायचं, पुसायचं.

पहिल्याच रात्री आयनारा चारदा उठली.
चौथ्यांदा मी झाकण लावलं नाही.
खोटं कशाला बोलू, सुचलंच नाही,
एक हात तिच्या टाचांखाली, दुसरा झोपेत.
सकाळी वरचा वाइप ओढला
तर कडक, घडीसकट,
वाळूत सापडलेल्या जुन्या पत्रासारखा.
त्याच्याखालचाही तसाच.
त्याच्याखालचा अर्धा.

सगळं पाकीट नळाखाली धरणार होतो
तेवढ्यात समोरची दोन्या ऑर्फेलिना
पातेलं परत करायला आली.
तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईत काढलेली बाई,
तिने आधी नळ बंद केला, मग बोलली :
"पाण्याने ओलं होईल रे नोल्बेर्तो,
पण ही ओल ती नव्हे.
आतलं औषध पातळ होतं
आणि बुरशी येते, पाहुण्यासारखी,
न सांगता, राहायला."

मग तिने नवं पाकीट मागितलं.
टेबलावर ठेवलं, झाकण खाली, पोट वर.
"ओल उतरते. तिला उतरू दे
जिथून तू ओढणार आहेस तिथे."
एवढंच. पातेलं ठेवून गेली.

मी पिकअपमधलं पाकीट आठवून खाली धावलो.
काचेमागे, उन्हात, कधीपासून देव जाणे.
उघडलं तर आंबूस वास
आणि कडेला राखाडी ठिपके.
टाकलं. हात दोनदा धुतले.
शेगडीशेजारची टोपलीही हलवली,
खिडकीतली पण.
आयनारा आता रांगते, यास्ना,
जे हाताला लागेल ते तोंडात;
म्हणून कपाटाच्या माथ्यावर जागा केली,
तुझ्या जुन्या पिवळ्या हेल्मेटशेजारी.

आणि हेल्मेट उचललं
तर खाली बिस्किटांचा डबा.
डब्यात पाकीट, उलटं.
झाकणाच्या कडेने चिकटपट्टी,
वर तुझ्या मार्करने :
"उघडलं मंगळवारी. महिनाभरात संपव."

मंगळवारी पहाटे तुझी बस होती.
आयनारा तर सहापर्यंत झोपलेली,
तिला पुसायची वेळच आली नव्हती.
मग उघडलंस कशाला?

संध्याकाळी भांडी घासताना
सिंकच्या मागे तो मिळाला,
एकच, चुरगाळलेला, वाळून पापड,
मधोमध काजळाचे दोन डाग.

तीनशे टनांचा ट्रक चालवतेस तू.
बाळंतपणानंतरची पहिली पाळी,
स्वयंपाकघरात, दिवा न लावता,
लेकीच्या पाकिटातला एक घेऊन डोळे पुसलेस
आणि मग,
बाहेर बस हॉर्न देत असताना,
पट्टी लावून, तारीख घालून, उलटं करून ठेवलंस.

काल फोनवर विचारलंस,
"ओले आहेत ना अजून?"
म्हटलं, आहेत.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
तू हसलीस, मला वाटतं;
खाणीवर रेंज तुटते, नीट कळलं नाही.

तो वाळका मी टाकलेला नाही.
कुठे ठेवलाय ते विचारू नकोस.

आता रात्रीचे तीन. पोर पुसून झाली,
पुन्हा झोपली, मूठ गालाखाली.
मी झाकण दाबतो,
एक कोपरा, दुसरा,
मग अंगठा सगळीकडून फिरवतो
टक् असा आवाज येईपर्यंत.
पाकीट उलटं करतो.

तीन दिवस राहिले.